उन्हाला दिलेला बदाम

तो फोटो अजून माझ्या प्रोफाइलवर आहे. मोठी खिडकी, तिच्यातून तिरकं आत आलेलं ऊन, फरशीवर पडलेली गजांची सावली. खाली एकच शब्द: 'सकाळ'. ८४ लाइक्स, ११ कॉमेंट्स. माझ्यासारख्या, वर्षाकाठी दहा-बारा फोटो टाकणाऱ्या बाईच्या मानाने हे म्हणजे डोक्यावरून पाणी.

फोटोत जे दिसत नाही ते असं. डावीकडे सलाईनचा स्टँड होता. उजवीकडे पलंगाचा लोखंडी कठडा आणि चादरीबाहेर आलेले बाबांचे पाय. खाली कोपऱ्यात एक कापडी पिशवी. बाबांना ॲडमिट केल्याचा तो नववा दिवस होता. एकूण १९ दिवस ते तिथे होते. रात्र मी खुर्चीत काढली होती, मान एका बाजूला आखडली होती. पहाटे सिस्टर बीपी बघून गेली आणि थोड्या वेळाने हे ऊन आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच समोर असं काहीतरी आलं होतं ज्यावर माझी सही नको होती. मी फोन काढला, फोटो घेतला, बोटाने दोन्ही कडा आत ढकलल्या, खालची पिशवी छाटली आणि टाकून दिला.

त्यात खोटं काय होतं, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं. ऊन खरं होतं. सकाळ होती. ते बघून मला बरं वाटलं, हेही खरं.

माझी एक मैत्रीण आहे, शाळेपासूनची. पहिली कॉमेंट तिचीच. "किती शांत वाटतंय गं! सुट्टीवर का? मजा कर." आणि पुढे लाल बदाम. मी तिच्या कॉमेंटला उलट बदाम दिला. 'सुट्टी कसली, बाबांना ॲडमिट केलंय' एवढं टाइप करायला फार तर दहा सेकंद लागले असते. पण ते सगळ्यांसमोर कॉमेंटमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं. वेगळा मेसेज करू म्हटलं, सावकाश, नीट. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. मग तो मेसेज राहिला तो राहिलाच.

तिला कळलं चार महिन्यांनी, तेही दुसऱ्याच कुणाकडून. तिचा फोन आला. ती चिडेल, ओरडेल, अशी मी तयारी केली होती. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी तुझ्या बाबांच्या खोलीतल्या उन्हाला बदाम दिला गं. आणि तू मला तो देऊ दिलास."

यावर काय बोलणार? मी काहीतरी गुळमुळीत बोलले. धावपळ होती, सुचलं नाही, तुला कशाला काळजी. तिने ऐकून घेतलं. त्यानंतर आमचं बोलणं हळूहळू आटत गेलं. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायचीही सोय नव्हती. एकमेकींचे फोटो मात्र आम्ही न चुकता लाइक करत होतो.

आता एक कबुली. त्या १९ दिवसांत मीच मनातून सगळ्यांवर रुसून बसले होते. सहाशेच्या वर माणसं आहेत यादीत. एकालाही फोन करून 'कशी आहेस' विचारावंसं वाटू नये? रात्री खुर्चीत बसून मी अक्षरशः नावं मोजत असे. हिने नाही केला, त्याने नाही केला, जिच्यासाठी मी अमुक वेळी धावत गेले होते तिनेसुद्धा नाही. आणि त्याच फोनवरून, त्याच बोटाने, मी त्या सगळ्यांना कळवत होते की मी मजेत आहे, उन्हात बसले आहे, काळजी नसावी.

त्या लाइक्सनी मला बरं वाटलं का? वाटलं की. खोटं कशाला बोलू. तासभर तरी वाटलं. बाबा झोपलेले, मॉनिटरची टिकटिक, आणि हातातल्या फोनवर दर मिनिटाला कुणीतरी दार वाजवून जातंय. पण दुपारपर्यंत ते ओसरलं आणि मागे जे उरलं ते आधीपेक्षा वाईट होतं. तेव्हा कळलं नव्हतं, आता वाटतं की ते ८४ लाइक्स मला मिळालेच नव्हते. ते सुट्टीवर गेलेल्या एका निवांत बाईला मिळाले होते. मी फक्त तिच्या वतीने ते घेत होते, शेजारणीचं पार्सल घ्यावं तसं. दुसऱ्या दिवशी त्या बाईसाठी आणखी एक फोटो टाकावा लागला, कारण एकदम गप्प झालं तर कुणी विचारेल. म्हणजे 'कुणी विचारत नाही' म्हणून रुसायचं, आणि कुणी विचारू नये म्हणून फोटो टाकायचा. हे दोन्ही एकाच माणसाला एकाच दिवशी जमतं, यावर माझा आधी विश्वास बसला नसता.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं दुखणं, तंगी, भांडण चव्हाट्यावर नेऊ नये, हा शहाणपणा जुनाच आहे. माणसं पूर्वी अगदी मनमोकळी होती आणि फोन आल्यापासून ढोंगी झाली, असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. पाहुणे आले की आतलं भांडण दारातच थांबायचं, हे आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलंय. पण झाकलेल्या मुठीत एक गंमत आहे. ती झाकलेली आहे हे समोरच्याला दिसतं. जवळचा माणूस तिच्याकडे बघून म्हणू शकतो, काय लपवतेस? कापलेल्या फोटोला कापल्याची खूण नसते. त्याच्या चारही कडा सरळ, स्वच्छ. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच होतं.

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या शेटलंड बेटांवर राहून एक अभ्यास केला. तिथल्या एका छोट्या हॉटेलात तो वावरत असे. स्वयंपाकघरात काम करणारी माणसं बेटावरचीच. आत असताना त्यांचं बोलणं-बसणं आपल्या घरातल्यासारखं असायचं आणि पाहुण्यांच्या दालनात पाऊल टाकलं की चेहरा, आवाज, चाल सगळं बदलायचं. त्या दोन जगांच्या मध्ये एक दार होतं. मालकांना वाटे ते बंद असावं, म्हणजे पाहुण्यांना आतलं काही दिसू नये. हातात ताटं घेऊन सारखी ये-जा करणाऱ्या मुलींना ते उघडं हवं असे. त्या दारावरून रोजची कुरबुर चालायची. गॉफमनने पुढे १९५६ साली पुस्तक लिहून मांडलं की आपण सगळेच असे आहोत. रंगमंचावर एक, पडद्यामागे दुसरे. त्यात त्याला ढोंग दिसलं नाही. समोर नीट वागता यावं म्हणूनच माणसाला मागची खोली लागते, जिथे पाय पसरून बसता येतं.

हे वाचल्यापासून मला ते दार फार आठवतं. कारण मैत्री म्हणजे दुसरं काय? ज्यांना आपण त्या दारातून आत घेतो ती माणसं. माझी मैत्रीण चाळीस वर्षं आतल्या खोलीत येत होती, चपला काढून, न विचारता. त्या सकाळी मी तिला बाहेरच्या दालनात, इतर सहाशे जणांबरोबर टेबलावर बसवलं आणि हसून विचारलं, काय हवं आपल्याला? ती बिचारी पाहुण्यासारखी वागली. म्हणाली, छान आहे.

तिला राग आला तो मी गोष्ट लपवली म्हणून नव्हे, असं मला आता वाटतं. तिला पाहुणी केली, याचा आला.

मी तसं का केलं, याचं सोपं उत्तर 'दिखाऊपणा' हे आहे. ऑनलाइन वागण्याबद्दल बोलताना सगळेच ते देतात आणि मला ते आळशी वाटतं. २०१० साली जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २३६ जणांची प्रोफाइल्स अनोळखी लोकांना दाखवली आणि त्यावरून त्या माणसांचे स्वभाव ओळखायला सांगितले. लोकांनी जे ओळखलं ते त्यांच्या खऱ्या स्वभावाशी जुळलं; 'आपण असे असावं' असं त्यांना वाटत होतं, त्या चित्राशी नाही. म्हणजे आपण वाटतो तितके सोंगाडे नाही. माझ्याही प्रोफाइलवरून कुणालाही कळेल की बाई मितभाषी आहे, खिडक्यांचे फोटो काढते, माणसांचे काढत नाही. खरंच आहे ते.

मग काय होतं? माझ्या मते भीती. फार मोठी नाही, रोजच्या वापरातली. माझी यादी एकदा उघडून बघितली. ऑफिसातल्या वरिष्ठ बाई. शाळेतले एक सर, जे अजूनही शुद्धलेखन तपासतात. नवऱ्याचे काका. एकदा प्रवासात भेटलेलं जोडपं. जिच्याशी बोलणं तुटलं पण यादीतून काढायचा धीर झाला नाही अशी एक. दोन नावं तर अशी की कोण आहेत ते आठवेना. प्रत्यक्षात ही माणसं एका खोलीत कधी जमली नसती, फार तर माझ्या अंत्यविधीला. आणि जमली असती तर त्या खोलीत मी तोंडही उघडलं नसतं. सरांशी एक बोलतो, काकांशी दुसरं, मैत्रिणीशी तिसरं. ही माणसाची लबाडी नाही, रीत आहे. समाजमाध्यमांचे अभ्यासक याला 'संदर्भ कोसळणं' म्हणतात: सगळ्या खोल्यांमधल्या भिंती एकदम पडतात आणि तुम्ही प्रत्येकासमोर एकाच वेळी उभे राहता. अशा वेळी काय बोलायचं? जे सगळ्यांना चालेल ते. 'चार लोक काय म्हणतील' हा प्रश्न माझ्या आजीला पडायचा, तेव्हा तिला ते चार लोक नावानिशी माहीत होते. माझे सहाशे आहेत. सहाशे लोकांना चालेल असं त्या खोलीत काय होतं? सलाईन नाही. बाबांचे पाय नाहीत. ऊन होतं. ऊन सगळ्यांना चालतं.

या सावधपणाची बेरीज मात्र भयंकर होते. प्रत्येकजण आपापल्या घरातलं ऊन तेवढं बाहेर ठेवतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, सगळ्या गावात लख्ख आहे, अंधार काय तो आपल्याकडेच. अमेरिकेतल्या ॲलेक्झांडर जॉर्डन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हेच विद्यार्थ्यांमध्ये मोजून दाखवलं. आपल्या बरोबरीच्यांना किती वेळा वाईट अनुभव येतात, हे विद्यार्थ्यांना सांगायला लावलं, तर त्यांचा अंदाज सतत कमी निघे. कारण उघड आहे: माणसं हसतात चारचौघांत आणि रडतात दार लावून. ज्यांचा अंदाज जास्त चुकत होता, ती मुलं जास्त एकटी होती.

त्यात आणखी एक गणिती गोची आहे. १९९१ साली स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला अपमानास्पद वाटतं, पण हिशेब साधा आहे. ज्याला खूप मित्र, तो खूप जणांच्या यादीत सापडणार. जो एकलकोंडा, तो फारशा कुणाच्या यादीत नसणारच. फोनच्या पडद्यावर हे दुप्पट होतं, कारण जो सारखा टाकतो तोच सारखा दिसतो. जी माझ्यासारखी खुर्चीत बसून आहे ती दिसत नाही, आणि मी तर दिसले तीही उन्हात.

वेळ कमी केला की बरं वाटतं का, हा प्रश्न मला लोक विचारतात. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींना तीन आठवडे प्रत्येक माध्यमावर दिवसाला दहाच मिनिटं दिली, तेव्हा त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. उलट २०१९ साली साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या माहितीची छाननी झाली, तेव्हा मुलांच्या स्वास्थ्यातल्या फरकांपैकी जेमतेम ०.४ टक्के फरकाचा संबंध स्क्रीनशी लागला. दोन्ही कामं मन लावून केलेली आहेत. माझा प्रश्न मात्र मिनिटांचा नाही. त्या सकाळी तो फोटो टाकायला मला दोन मिनिटंही लागली नव्हती.

आता आई आणि मावशीची गोष्ट सांगते. खरं तर हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला.

आईचा आणि मावशीचा तीन वर्षं अबोला होता. कारण विचारू नका, दोघींनाही ते आता धड सांगता येत नाही. एका समारंभात कुणीतरी कुणाला आधी बोलावलं नाही, एवढं मला आठवतं. अबोला कडक होता. एकीचं नाव निघालं की दुसरी उठून आत जायची. पण व्हॉट्सॲपवर २०१७ साली स्टेटस आलं, चोवीस तासांत पुसलं जाणारं, आणि आई त्यात रमली. रोज सकाळी एक फूल, नाहीतर एक सुविचार, नाहीतर आमच्या गच्चीवरचं आकाश. आणि रात्री झोपण्यापूर्वी चष्मा लावून ते कुणी कुणी पाहिलं याची यादी वाचायची.

"बघ," एकदा फोन माझ्यासमोर धरून म्हणाली. "टाकल्यावर चार मिनिटांत पाहिलंय हिने."

'हिने' म्हणजे मावशीने. आईला त्या यादीत दुसऱ्या कुणात रस नव्हता.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. व्हॉट्सॲपवर एकमेकांचं स्टेटस दिसायचं तर दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो. एकानेही पुसला तर दिसत नाही. म्हणजे तीन वर्षं तोंड न बघणाऱ्या या दोन बहिणींनी एकमेकींचा नंबर पुसला नव्हता. शिवाय आपण पाहिल्याचं कळू नये अशी सोयही सेटिंगमध्ये असते. मावशीने ती वापरली नव्हती. तिला ती माहीत नसेल, असं कुणी म्हणेल. असेल. पण मावशी बँकेतून रिटायर झालेली बाई आहे, आमच्या सगळ्यांच्या फोनची सेटिंग्ज तीच लावून द्यायची.

मग आईने एक दिवस जुना फोटो टाकला. दोघी एकसारख्या फ्रॉकमध्ये, स्टुडिओतल्या खोट्या कमानीपुढे. खाली काही लिहिलं नव्हतं. शंभरेक लोकांनी तो पाहिला असेल. तो टाकला होता एकीसाठी. दुसऱ्या दिवशी मावशीच्या स्टेटसला त्याच दिवशी, त्याच कमानीपुढे काढलेला दुसरा फोटो आला. त्यात आईने डोळे मिटले होते. आई तो बघून इतकी चिडली, की मला वाटलं आता नंबर पुसते. पुसला नाही. दिवसभर मात्र अधूनमधून तो फोटो उघडून बघत होती. याला अबोला म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता आलेलं नाही. पण ऑनलाइन दाखवणं म्हणजे सगळं वरवरचं, असं कुणी म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन कमानी येतात.

बाबांना ॲडमिट केलं आणि आईचं स्टेटस बंद झालं. तिला ते सुचणं शक्यच नव्हतं. फूल नाही, सुविचार नाही, आकाश नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन वाजला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज मला ऐकू आला. तीन वर्षांनी मावशी बोलत होती, आणि 'हॅलो' वगैरे काही नाही, थेट:

"सहा दिवस झाले तुझं स्टेटस नाही. काय झालंय?"

आई एक शब्द बोलू शकली नाही. फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी पत्ता सांगितला. रात्री नऊच्या सुमारास मावशी एक कापडी पिशवी घेऊन दारात उभी होती. आईकडे न बघता ती सरळ बाबांच्या पायथ्याशी गेली, पाय चाचपून बघितले आणि म्हणाली, "गार आहेत."

आईची मूठ झाकलेली होती आणि ती झाकलेली दिसली. माझ्या मैत्रिणीनेही ती ओळखली असती. तिने माझ्या मुठी शाळेपासून ओळखल्या आहेत, निकालाच्या दिवशी मी गप्प झाले की तिला कळायचं गणितात काय झालंय ते. मी नऊ दिवस गप्प राहिले असते, तर दहाव्या दिवशी तिचा फोन आला असता. मी गप्पच राहिले नाही. तिच्यापुढे ऊन ठेवलं.

फेसबुकवर लाइकचं बटण आलं २००९ साली. त्याआधी कुणाच्या फोटोवर काही म्हणायचं तर शब्द लिहावा लागे. शब्द लिहिताना माणूस क्षणभर थांबतो, आणि थांबलं की प्रश्न सुचण्याचा धोका असतो. ही खिडकी कुठली? एवढ्या सकाळी जागी कशी? आता थांबायची गरज नाही. कुणी भेटलं आणि काही सांगायला लागलं की आपण म्हणतो, "हो हो, पाहिलं मी." या 'पाहिलं मी'ने माझ्या किती गप्पा सुरू होण्याआधीच संपल्यात, याची मोजदाद नाही. समोरचा सांगायचा थांबतो. त्यालाही वाटतं, खरंच, सांगून झालंय की. बाबा घरी आल्यानंतर महिन्याभराने रस्त्यात एकजण भेटला आणि म्हणाला, "तू काय बाबा, मस्त फिरतेस! तो खिडकीचा फोटो पाहिला." मी म्हटलं, "हो, छान जागा होती." काय करणार, आता त्या बाईची बाजू सांभाळणं भाग होतं.

बाबा आता बरे आहेत. त्यांचा स्वतःचा डीपी बावीस वर्षांपूर्वीचा आहे, काळ्याभोर केसांचा, आणि तो बदलायचा विषय काढलेला त्यांना चालत नाही. "ओळखणारे ओळखतात," म्हणतात.

गेल्या आठवड्यात फोनमधली जागा संपली म्हणून जुने फोटो काढून टाकत बसले होते, तर तो समोर आला. खिडकी, ऊन, गजांची सावली. पुसणार होते. सहज एडिट उघडलं तर खाली पर्याय दिसला, मूळ फोटो परत आणण्याचा. मला माहीतच नव्हतं की कापलेलं फोन टाकून देत नाही, जपून ठेवतो. मी तो दाबला आणि चारही कडा एकदम मागे सरकल्या. सलाईनचा स्टँड आला. कठडा आला. पलंगाखालची मावशीची पिशवी आली. बाबांचे पाय आले. वर काचेत, नीट बघितलं तर, फोन धरलेली मीही होते, केस विस्कटलेले, एक खांदा वर.

तो तसाच्या तसा मी मैत्रिणीला पाठवला. खाली काही लिहावं म्हणून दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं, आणि नुसताच पाठवला.

दोन टिक आल्या. निळ्या झाल्या. बराच वेळ काही नाही. ती मोठा करून बघत असावी. मग वर 'टायपिंग' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं.

"काकांच्या एकाच पायात मोजा का आहे गं?"

दुसरा मोजा मावशीच्या पिशवीत होता. तो तिथे कसा गेला, आई त्यावरून मावशीला काय म्हणाली आणि मावशीने उलट काय सुनावलं, हे टाइप करण्यासारखं नव्हतं. मी फोन लावला.